पोचायला हरकत नाही

संध्याकाळचे पाच वाजून गेलेले. स्पीड पोस्टच्या खिडकीसमोर पाच-सहा माणसं, वर पंख्याची घरघर, आणि शाईचा, डिंकाचा, जुन्या कागदाचा तो फक्त पोस्टातच येणारा वास. रांगेत सगळ्यात पुढे एक बाई उभ्या होत्या. हातात बुटांचं खोकं, त्यावर खाकी कागद, आणि कागदावर टेपचे इतके वेढे की कागद नावालाच दिसावा. आत आईचा चष्मा होता. आई नाशिकला परत गेली आणि चष्मा इथेच उशीपाशी राहिला, हे त्यांनी कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकलं होतं. "अहो, उद्या पोचेल ना?" क्लार्कने खोकं काट्यावर ठेवलं, आकडा पाहिला. मग तो खुर्चीतून अर्धवट उठला, मान वळवून मागच्या दाराकडे क्षणभर पाहिलं, परत बसला आणि म्हणाला, "पोचायला हरकत नाही."

हो नाही, आणि नाहीही नाही.

बाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. हे आश्वासन समजायचं की हात झटकणं, ते त्यांना कळेना, आणि रांगेतल्या बाकीच्यांनाही कळलं असेल असं वाटत नाही. मराठीत हे वाक्य आपण सर्रास वापरतो. पाऊस पडायला हरकत नाही, लग्न जमायला हरकत नाही. बोलणारा स्वतः काहीच कबूल करत नाही, फक्त वाट मोकळी आहे एवढंच सांगतो. पण टपालाच्या बाबतीत हे वाक्य टोलवाटोलवीचं नाही, तंतोतंत आहे. एका रात्रीत पार्सल पोचवायला कुणाला विलक्षण वेगाने पळावं लागत नाही. वाटेत हरकत आली नाही की ते पोचतं. आणि हरकती किती, कुठे, कुणाच्या हातच्या, याची यादी त्या क्लार्कच्या डोक्यात पक्की असते. आपल्या डोक्यात ती नसते, म्हणून ते उत्तर तुटक वाटतं.

पहिली हरकत घड्याळाची. आपण समजतो की पार्सल खिडकीतून आत गेलं की निघालं. तसं नसतं. ते निघतं बॅग बांधली जाते तेव्हा. दोनशे किलोमीटरवरच्या शहरासाठी दुपारी चारला दिलेल्या पार्सलची रात्र साधारण अशी जाते: पाच-साडेपाचला बॅग बंद, सहाच्या आत लाल गाडी येऊन ती उचलते, सात-साडेसातला मोठ्या सॉर्टिंग हबवर, तिथे बॅगा फोडणं, स्कॅन करणं, गावागावाच्या नावाने पुन्हा बांधणं हे दहा-साडेदहापर्यंत. अकराच्या सुमाराला ट्रक सुटतो. पहाटे चारला तिकडच्या हबवर. तिथे पुन्हा फोडाफोडी, सहा-सातला स्थानिक पोस्टांच्या गाड्या, आठ-नऊला त्या भागातल्या पोस्टात, आणि दहा-साडेदहाला पोस्टमनच्या पिशवीत. अठरा-एकोणीस तास झाले. त्यात चाकं फिरत होती ती सगळी मिळून आठेक तास, आणि मोठा प्रवास त्यातला पाच. उरलेला सगळा वेळ पार्सल कुठल्या तरी जमिनीवर, टेबलावर नाही तर दुसऱ्या पार्सलांच्या ढिगाखाली पडून असतं.

म्हणून ट्रक ताशी दहा किलोमीटर जास्त वेगाने पळवून काही हाती लागत नाही. पण बॅग बंद झाल्यावर पाच मिनिटांनी दिलेलं पार्सल पाच मिनिटांनी उशिरा पोचत नाही, एका दिवसाने उशिरा पोचतं. रात्रीच्या टपालात मिनिट आणि दिवस यांच्यामध्ये काही नसतं. प्रत्येक टप्प्यावर एक दार आहे आणि ते चोवीस तासांत एकदाच उघडतं. आपल्या हातात यातलं फक्त पहिलं दार. खिडकी सहापर्यंत उघडी आहे याचा अर्थ सहापर्यंत दिलेलं टपाल आज जाईल असा नव्हे. बुकिंगची वेळ निराळी आणि बॅग बंद व्हायची वेळ निराळी, आणि पाटीवर सहसा पहिलीच लिहिलेली असते. तेव्हा विचारायचं ते "उद्या पोचेल का" असं नाही. विचारायचं "आजची शेवटची बॅग किती वाजता बंद होते?" या प्रश्नाला क्लार्क एकदम सरळ उत्तर देतो, कारण आता आपण त्याच्या भाषेत बोललेलो असतो. ती वेळ टळून गेली असेल तर मोठ्या शहरांत आणखी एक वाट असते: रेल्वे स्टेशनाला लागून असलेलं आरएमएसचं, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसचं कार्यालय, किंवा शहराचं मुख्य पोस्ट. यातल्या काहींची बुकिंगची खिडकी रात्रीपर्यंत चालू असते, आणि तिथे दिलेलं पार्सल हबच्या दारातच उभं असतं, मधली एक गाडी वाचते. घराजवळच्या छोट्या पोस्टात पाचला दिलेलं पार्सल आणि स्टेशनजवळ साडेसातला दिलेलं पार्सल यांत दुसरं आधी पोचलं, असं पुष्कळदा होतं.

ही आरएमएस मुळात फार हुशारीची गोष्ट होती. १८६०च्या दशकात अलाहाबाद-कानपूर मार्गावर चालत्या गाडीत टपालाची विभागणी सुरू झाली, आणि पुढे शंभराहून अधिक वर्षं डुलत्या डब्यात, पिवळ्या दिव्याखाली, भिंतीवरच्या खणांत पत्रं टाकणारी माणसं रात्रभर उभी असायची. गाडी पुढच्या स्टेशनात शिरेपर्यंत त्या स्टेशनाची बॅग बांधून तयार. म्हणजे थांबण्याचा वेळ त्यांनी प्रवासाच्या पोटात घातला होता. आता ट्रक जास्त वेगाने जातो, विमान तर विचारूच नका, पण विभागणी जमिनीवर, एका जागी होते, आणि तेवढा वेळ वेगळा मोजावा लागतो. वेग वाढला आणि वाट पाहणंही वाढलं, असा हा हिशेब.

नागपूरच्या माणसाला हे सगळं सांगायची गरज पडू नये. १९४९च्या जानेवारीत रात्रीची विमान टपाल सेवा सुरू झाली, रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान टपाल घेऊन उडायचं आणि चारही विमानं मध्यरात्रीच्या सुमाराला नागपूरला सोनेगाव विमानतळावर उतरायची. तिथे बॅगांची अदलाबदल व्हायची. मुंबईहून आलेल्या विमानातून दिल्लीच्या, कलकत्त्याच्या, मद्रासच्या बॅगा उतरायच्या, त्या त्या विमानात चढायच्या, आणि चारही विमानं आली त्या वाटेने परत. पहाटे प्रत्येक शहरात बाकीच्या तिन्ही शहरांचं टपाल हजर. चार शहरं थेट एकमेकांना जोडायची तर सहा मार्ग लागले असते, मध्ये एक नागपूर ठेवलं की चार पुरतात. पुढे १९७३ साली अमेरिकेत फेडरल एक्स्प्रेसने मेम्फिसला मध्यरात्री विमानं एकत्र आणायला सुरुवात केली, पहिल्या रात्री १४ विमानं आणि १८६ पाकिटं, आणि त्याची गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गात आजही रंगवून सांगतात. नागपूरचं नाव त्या वर्गात क्वचितच निघतं. असो. मुद्दा असा, की डाकोटासारखं मंद विमान वापरूनही एका रात्रीत देश सांधता येत होता, कारण चौघांनी एकाच वेळी एकाच जागी यायचं ठरवलं होतं. त्यातलं एक विमान धुक्यात अडकलं तर बाकी तिघांची टांगणी. हरकत असते ती ही.

स्पीड पोस्ट १ ऑगस्ट १९८६ला सुरू झालं. त्याची वेळापत्रकं पाहिली तर टपाल खातं स्वतःसुद्धा सरसकट 'उद्या' म्हणत नाही, हे लक्षात येईल. त्याच शहरात एक ते दोन दिवस, महानगर ते महानगर एक ते तीन, राज्यातल्या राज्यात एक ते चार, बाकी देशात चार ते पाच, अशी त्यांची ठरलेली मुदत. तिच्यातला 'एक' मिळवायचा असेल तर दोन्ही टोकं मोठ्या हबच्या जवळची हवीत. मुंबई-पुणे, पुणे-नाशिक अशा जोड्यांत तो पुष्कळदा मिळतो. तालुक्याच्या पोस्टातून निघून दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाखा डाकघरात जाणारं पार्सल मात्र दोन जास्तीच्या गाड्या बदलतं, आणि त्या गाड्या दिवसातून एकदाच असतात. तिथे 'उद्या' म्हणणारा माणूस एक तर नवखा असतो नाही तर खोटं बोलत असतो.

दुसरी हरकत पत्त्याची. १५ ऑगस्ट १९७२ला पिन कोड आला. श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातल्या अधिकाऱ्यांची ती कल्पना. संस्कृतात कविता आणि नाटकं लिहिणारा माणूस, आणि त्याने अख्खा देश सहा आकड्यांत बसवला, याचं फार आश्चर्य वाटून घ्यायला नको. छंदात मात्रा बसवणाऱ्यालाच ते सुचायचं. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन वाटपाच्या पोस्टाचे. रात्री हबवर उभा असलेला माणूस 'मारुतीच्या देवळासमोर, जोशी वाड्याच्या मागे' वाचतच नाही. तो आणि यंत्र, दोघंही पहिले तीन आकडे पाहतात आणि पार्सल त्या खणात सरकवतात. ४११ म्हणजे पुणे, ४४१ म्हणजे नागपूर-भंडाऱ्याकडचा भाग. मधला एकच आकडा चुकला की पुण्याचं पार्सल सातशे किलोमीटर पूर्वेला जातं, तिथला पोस्टमन पत्ता वाचून डोक्याला हात लावतो, आणि ते परत फिरतं. खाली पुण्याचं नाव ठसठशीत लिहिलेलं असतं. रात्री ते कुणी वाचत नाही.

मराठी माणसाची यात एक खास चूक आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. पिन देवनागरीत लिहिला की आपला १ हा परक्या डोळ्याला इंग्रजी नऊ दिसतो. ४ची वरची तोंडं घाईत मिटली की तो इंग्रजी आठ होतो. पुण्याचा ४११ दुसऱ्या राज्यातल्या हबवर आठ-नऊ-नऊ वाचला जाऊ शकतो. पत्ता खुशाल मराठीत लिहावा, राज्याबाहेर जाणार नसेल तर मराठीतच लिहावा असं माझं मत आहे, पण पिन आणि मोबाइल नंबर इंग्रजी आकड्यांत, एकेक आकडा सुटा, मोठा. जेल पेन नको, पावसाळ्यात तर नकोच नको. एक थेंब पडला की शून्याचा सहा होतो. साधा बॉलपेन किंवा मार्कर. आणि मोबाइल नंबर दोन्ही माणसांचे. पाठवणाऱ्याचा लिहायला लोक विसरतात, आणि अडचण आल्यावर तोच लागतो.

पाठवण्याआधी पिन एकदा तपासावा. माणसं घर बदलतात, पाठ झालेला पिन बदलत नाहीत.

बुकिंग झालं की खोक्यावर बारकोडची चिठ्ठी लागते आणि पावतीवर तेरा अक्षरांचा नंबर येतो. तो नंबर म्हणजे सगळ्या जगातल्या टपाल खात्यांची एकच लिपी. सुरुवातीची दोन अक्षरं सेवेची, ई ने सुरू होणारी म्हणजे एक्सप्रेस, शेवटची दोन देशाची, आपली आयएन. मधले नऊ आकडे, आणि त्यातला नववा पहिल्या आठांचा राखणदार. आठ आकड्यांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं, बेरीज करायची, अकराने भागायचं, आणि उरलेली बाकी अकरातून वजा करायची. १२३४५६७८ असा क्रमांक घेतला तर बेरीज २०४ येते, बाकी ६, म्हणून नववा आकडा ५. वजाबाकी दहा आली तर शून्य लिहायचं, अकरा आली तर पाच. फोनवर नंबर सांगताना कुणी दोन आकडे उलटसुलट केले तर सहसा हिशेब जुळत नाही आणि यंत्र लगेच म्हणतं, असा नंबरच नाही. म्हणून 'नंबर चुकीचा दाखवतोय' असं आलं की पार्सल हरवलं म्हणून घाबरण्याआधी पावती पुन्हा नीट वाचावी. पावतीचा फोटो तिथल्या तिथे काढून ठेवावा. उष्णतेवर छापलेला तो कागद पाकिटात घामट झाला की महिन्याभरात कोरा होतो.

ट्रॅकिंग वाचायचीही एक रीत आहे. लोक 'आउट फॉर डिलिव्हरी'ची वाट पाहत बसतात. खरं कळतं ते त्याच रात्री नऊच्या सुमाराला. 'बुक्ड'च्या वर 'बॅग्ड' आणि 'डिस्पॅच्ड' आलेलं असेल तर पार्सल पहिल्या दारातून पार झालं. नुसतंच 'बुक्ड' असेल, तर बहुतेक ते अजून त्याच पोस्टाच्या टेबलावर आहे, आणि उद्याचा परवा झालेला आहे. त्या वेळी करण्यासारखं काही उरत नाही, फक्त तिकडच्या माणसाला फोन करून सांगता येतं, की उद्या दिवसभर घरी बसून राहू नकोस.

आता त्या खोक्याकडे. टेपचे वेढे पाहून बाईंची काळजी दिसत होती, पण काळजी चुकीच्या जागी खर्च झाली होती. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा एकपदरी आणि झाकण सुटं. बाहेरून कितीही टेप मारली तरी वर दहा किलोचं पार्सल बसलं की ते आत दबतं, आणि रात्रीत वर कुणी तरी बसतंच. बॅगेत पार्सलं मांडून ठेवत नाहीत, टाकतात. एकदा खिडकीतून आत, एकदा बॅगेत, बॅग गाडीत, गाडीतून खाली, हबच्या टेबलावर ओतली, पुन्हा बॅगेत... कंबरेच्या उंचीवरून पडण्याचे सहा-सात प्रसंग धरूनच बांधणी करावी. नाजूक वस्तूला सगळीकडून दोन इंचांची गादी हवी, वर आणि खाली सुद्धा. चष्मा आधी त्याच्या टणक डबीत, डबीला मऊ कापड, आणि डबी खोक्याच्या मधोमध, चारही भिंतींना न टेकता. चुरगळलेलं वर्तमानपत्र चालतं, पण घट्ट चुरगळलेलं. सैल भरलेला कागद तासाभरात बसतो आणि वस्तू खुळखुळायला लागते. बांधून झालं की खोकं कानाशी धरून हलवावं. आवाज आला तर उघडा आणि पुन्हा भरा. दिवाळीत चकल्या पाठवणाऱ्यांना हे बरोबर माहीत असतं. डब्यात वरून कागदाचा बोळा दाबून बसवल्याशिवाय त्या झाकण लावत नाहीत. चिवड्याच्या बाबतीत मात्र पुष्कळांचं चुकतं. त्याचं तेल एका पिशवीतून रात्रीत झिरपतं, पुठ्ठा मऊ पडतो, चिठ्ठीवर डाग पसरतो आणि बारकोड वाचला जात नाही. पिशव्या दोन हव्यात, आणि त्यांची तोंडं उलट दिशांना.

टेप दोन इंची, खोक्याच्या मधल्या फटीवर एक पट्टी आणि दोन्ही टोकांच्या कडांवर एकेक, आडव्या इंग्रजी एच सारखी. एवढी पुरे. बाकी वेढे नुसते समाधानाचे. त्यांनी उलट एक नुकसान होतं: गुळगुळीत टेपच्या सुरकुत्यांवर बारकोडची चिठ्ठी चिकटवली की ती एक तर सोलून निघते नाही तर वाकडी बसते, आणि स्कॅनर तिच्यावर प्रकाश मारून नुसता चमकतो. चिठ्ठीसाठी सगळ्यात मोठ्या बाजूवर तळहाताएवढी सपाट जागा मोकळी ठेवावी, कडेवर दुमडून येईल अशी नको. सुतळी बांधू नये, ती हबवरच्या यंत्राच्या सरकत्या पट्ट्यात अडकते. जुनं खोकं वापरायचं तर आधीच्या कंपनीचा बारकोड खरवडून काढावा किंवा काळा करावा. हे किरकोळ वाटतं, पण यंत्राला नवं-जुनं कळत नाही, ते समोर येईल तो बारकोड वाचतं. आणि आत, सगळ्यांत वर, पत्ता लिहिलेला एक साधा कागद. बाहेरची चिठ्ठी निघून गेली तर पार्सल उघडून पाहणाऱ्याला तेवढाच आधार.

एके काळी हे सगळं मांजरपाटात शिवलं जायचं. पोस्टाच्या बाहेर पायरीवर दाभण घेऊन बसलेला माणूस बघता बघता पिशवी शिवायचा, जाड टाके, कोपरे आत दुमडलेले, आणि मग शिवणीवर जागोजागी लाखेचे ठिपके. लाख वितळतानाचा तो गोडसर, जळका वास ज्यांनी घेतला आहे त्यांना आत्ताही आला असेल. त्या कापडाला पाणी लागायचं, पण ते फाटायचं नाही, आणि कुणी मध्ये हात घातला तर टाका लपायचा नाही. पुठ्ठा आणि टेप आली ती वेगासाठी. यंत्राच्या पट्ट्यावरून सरकायला सपाट तळ लागतो आणि शिवलेलं गाठोडं लोळतं. तोटा-फायदा असा समोरासमोर मांडला की कापडाबद्दलची हळहळ थोडी कमी होते. पूर्ण जात नाही.

तिसरी हरकत आतल्या वस्तूची. लांबच्या गावाला रात्रीत पोचायचं म्हणजे विमान, आणि विमानात चढण्याआधी एक्स-रे. पॉवर बँक, सुटी लिथियम बॅटरी, स्प्रेचा डबा, नेलपॉलिश, अत्तर, काडेपेटी. यातलं काही यंत्रात दिसलं की पार्सल बाजूला काढलं जातं, आणि ते पुढे गेलंच तर जमिनीवरून, दोन-तीन दिवस खाऊन. वाढदिवसाच्या खोक्यात घड्याळ, पुस्तक, शर्ट असं सगळं निर्धोक असतं आणि कोपऱ्यात प्रेमाने ठेवलेली अत्तराची एक कुपी सगळ्यांना अडवून धरते. 'आत काय आहे' या प्रश्नाला 'किरकोळ सामान' हे उत्तर म्हणूनच कामाचं नाही. पैशाच्या नोटा साध्या पार्सलात घालू नयेत. त्यासाठी विमा उतरवलेलं टपाल असतं.

नुकसानभरपाईची गोष्ट थोडक्यात. ठरल्या मुदतीपेक्षा उशीर झाला तर भरलेलं शुल्क परत, आणि हरवलं किंवा फुटलं तर शुल्काच्या दुप्पट किंवा एक हजार रुपये, यांत जे कमी असेल ते, असा स्पीड पोस्टचा नियम. म्हणजे दहा हजारांची वस्तू नुसती स्पीड पोस्टने पाठवली आणि हरवली तर हातात शे-दोनशे येतात. मौल्यवान वस्तू असेल तर खिडकीवरच विम्याचं विचारावं. २०२५ साली रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आणि ऑक्टोबरपासून कागदपत्रांच्या पाकिटांचे नवे दर आले: ५० ग्रॅमपर्यंत त्याच शहरात १९ रुपये, बाकी देशात कुठेही ४७, वर जीएसटी. त्याच वेळी प्रत्येकी पाच रुपयांत दोन सोयी जोडून मिळायला लागल्या. 'रजिस्ट्रेशन' घेतलं तर पाकीट पत्त्यावरच्या माणसाच्याच किंवा त्याने नेमलेल्या माणसाच्या हातात पडतं. ओटीपी घेतला तर तो सांगितल्याशिवाय मिळत नाही. कागद महत्त्वाचा असेल तर घ्यावं. पण एका रात्रीत पोचवायच्या टपालाला या दोन्ही सोयी हरकतीच ठरू शकतात, हेही ध्यानात असू द्यावं. साडेदहाला पोस्टमन दारात उभा आणि ओटीपी आलेला फोन आंघोळीला गेलेल्या माणसाचा, म्हणजे झालं.

कारण शेवटचं दार पोस्टाचं नसतं, घराचं असतं. रात्रभर दोन्ही हबांनी मिनिटं पाळलेली असतात आणि सकाळी अकराला कुलूप. पोस्टमन चिठ्ठी टाकून जातो, पार्सल पोस्टात परत, साधारण सात दिवस तिथे राहतं. त्याची बीट ठरलेली असते, या गल्लीतून त्या सोसायटीत, आणि दिवसातून एकाच गल्लीत दोनदा यायला त्याला सवड नसते. रात्री उशिरा फोन करून 'उद्या सकाळी कुणी तरी घरी थांबा, वॉचमनला सांगून ठेवा' एवढं सांगणं हा पार्सल पाठवण्याचाच भाग आहे, आणि सगळ्यात स्वस्त. वारही पाहावा. शनिवारी संध्याकाळी दिलेल्या पार्सलाचा 'उद्या' रविवार असतो. राखीपौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात आणि दिवाळीच्या तोंडावर हबवर बॅगांची रास लागते, तेव्हा एक दिवस जास्तीचा धरावा आणि मुकाट्याने आधी पाठवावं.

बाईंच्या खोक्यावर चिठ्ठी चिकटली, थोडी तिरपी, टेपच्या सुरकुतीवर. क्लार्कने अंगठ्याने ती दोनदा दाबून बसवली. पावती फाडून दिली, त्यावर १७:१२ अशी वेळ. बाईंनी पावतीवरचा नंबर मोबाइलवर टिपला, मग पुन्हा एकदा विचारावं की नाही अशा नजरेने पाहिलं आणि विचारलं नाही. मागचा माणूस पुढे सरकला होता.

क्लार्क मघाशी मागे वळून काय पाहत होता ते रांगेतल्या तिसऱ्या माणसाच्या जागेवरून दिसत होतं. दाराच्या पलीकडे लोखंडी घोडीवर एक बॅग टांगलेली होती, चारही कोपरे आकड्यांत अडकवून तोंड वासलेली. शेजारी एक जण हातात दोरी आणि लेबल घेऊन उभा, आणि अंगणात लाल गाडीचं मागचं दार उघडं. बॅगेचं तोंड अजून बांधलेलं नव्हतं. क्लार्कने खोकं बाजूच्या ढिगावर ठेवलं नाही. तो उठला, दारातून ते पुढे केलं, आणि आतल्या माणसाने दोरी दातांत धरून दोन्ही हातांनी ते घेतलं.